वारा-वावधन

२०२१ च्या सप्टेंबरात टीव्हीवर ‘गुलाब’ नावाच्या चक्रीवादळाच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा आमच्या वाशीमकडच्या जऊळक्यात कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वादळ तिकडे आंध्रात, कलिंगपट्टणमच्या किनाऱ्यावर. तिथून आमचं गाव हवाई अंतराने सातशे किलोमीटरच्या पुढे. आमच्या माणसाने एवढं पाणी पाहिलेलं असतं ते महानच्या धरणाचं. समुद्राच्या वादळाशी आपला काय संबंध, असंच सगळ्यांना वाटत होतं.

२६ सप्टेंबरच्या रात्री ते वादळ जमिनीवर चढलं आणि तेलंगणातून मराठवाडा-विदर्भाच्या वाटेला लागलं. वाऱ्याचा जोर केव्हाच ओसरला होता, पाणी मात्र सगळं शिल्लक होतं. २८ तारखेला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुलावरून नागपूरला निघालेली एसटी वाहून गेली, माणसं गेली. आमच्याकडे त्या दिवसांत सोयाबीन सोंगणीला आलेलं होतं. वावरात चिखल इतका की मजूर शिरेना. भिजलेल्या शेंगा उभ्या झाडावरच उकलल्या आणि दाण्यांना कोंब फुटले. मूठभर शेंगा तोडून पुतण्याने मोठीआईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीच्या, हातावर ठेवल्या. तिने एक शेंग नखाने सोलली. आत पांढुरका, वाकडा कोंब होता. तो तिने चिमटीत धरून उजेडाकडे केला आणि विचारलं, “काय नाव म्हने त्या वादयाचं?”

“गुलाब.”

“आमच्या वक्ताले वादयाले नाव नोतं,” ती म्हणाली. “सालाले होतं.”

ते वादळ पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, पाण्यावर पुन्हा जोर धरला, तेव्हा त्याला ‘शाहीन’ हे दुसरं नाव मिळालं आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानवर आदळलं. गुलाब हे नाव पाकिस्तानने सुचवलेलं, शाहीन कतारने. वाटेत आमचं सोयाबीन. मोठीआईला हे सगळं सांगितलं तेव्हा तिला नावाच्या बदलाचं नवल वाटलं नाही. लग्न झाल्यावर बाईचंही बदलतंच, म्हणाली.

सालाला नाव असण्याची गोष्ट मात्र खरी आहे. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना सन विचारला तर सांगता येत नसे. रझाकाराचं साल म्हणजे १९४८ च्या आगेमागे. तेव्हा वाशीमच्या दक्षिणेला, हिंगोलीकडे निजामाचा मुलूख लागायचा आणि तिकडची माणसं पोराबाळांसकट वऱ्हाडात आसऱ्याला यायची. रूळ पडले ते साल म्हणजे खांडवा-हिंगोली लाइनचं. त्या लाइनीमुळे गावाच्या नावाला ‘रेल्वे’ चिकटलं आणि अजून कागदावर ते जऊळका रेल्वे असंच लिहिलं जातं, मीटरगेजची छोटी गाडी जाऊन २००८ साली मोठी आली तरी. मिलोचं साल म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. आणि या सालांच्या अधेमधे गारेची सालं, वावधनाची म्हणजे वादळवाऱ्याची सालं. आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, तोंडून ‘गार पडली त्याच्या दुसऱ्या साली तुया बाप जलमला’ असं ऐकत आम्ही मोठे झालो. घराण्याची निम्मी जंत्री अशी आभाळातून खाली पडलेली आहे.

किनाऱ्यावरचं वादळ चार दिवस आधी वर्दी देतं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ येणार, हे आधी कळलं होतं म्हणून रायगड-रत्नागिरीतली हजारो माणसं हलवता आली. वऱ्हाडातल्या वावधनाला असली रीत नाही. चैत्र-वैशाखात दुपारी चारला पश्चिमेकडे आभाळ मातकट होतं, सव्वाचारला धुळीने समोरचं घर दिसेनासं होतं, साडेचारला कुणाची तरी टिनपत्रं कुणाच्या तरी वावरात पडलेली असतात आणि पाचला पुन्हा ऊन. ज्याची तयारी त्या अर्ध्या तासात सुरू झाली, त्याची झालीच नाही. हे आमच्या म्हाताऱ्यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून त्यांची तयारी होळीच्या आसपासच सुरू व्हायची. तिला ते तयारी म्हणत नसत. घरातली कामं म्हणत.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. सागाच्या मयाली म्हणजे तुळया, त्यांवर किलच्या, किलच्यांवर निंबाचा पाला आणि त्याच्यावर हातभर पांढरी माती. निंबाचा पाला वाळवीसाठी. उन्हाळ्यात पांढरीची माती बंडीत भरून आणायची, धाब्यावर पसरायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. एवढ्या वजनाचं छत कुठलंही वावधन उचलू शकत नाही. झडीच्या पावसात मात्र ते जागोजाग गळे, आणि त्या गळण्याला कंटाळूनच आमच्या वडलांच्या पिढीने टिना घातल्या. गळणं थांबलं आणि उडणं सुरू झालं. त्या काळी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण टिना म्हणजे सुबत्ता.

धुळीचा लोट दिसला की आजीची पहिली हाक ठरलेली असे: “पहिले चूल इझवा, मंग लेकरं आत घ्या.” ऐकणाऱ्याला हे उलटं वाटायचं. पण तिच्या माहेरी, ती परकर नेसायची त्या वयात, एका चुलीतला इस्तव वाऱ्याने उडाला आणि शेजारच्या कुडाच्या घरावर पडला. तुराट्यांचे कूड, वर गवताचं छप्पर, दारात पऱ्हाट्यांचा ढीग. अर्धी आळी जळाली. लेकरं घरात आणली होती, तीच आत अडकली. वैशाखात विहिरी तळाला गेलेल्या असतात, विझवायला पाणी कुठलं? कडब्याच्या गंज्या गावाबाहेर रचायच्या, त्याही याच भीतीने. वारा माणूस मारत नाही, वाऱ्याच्या पाठीवर बसलेला इस्तव मारतो, असं तिचं गणित होतं. अर्धवट भाजलेली भाकर तव्यावर तशीच ठेवून ती तांब्याभर पाणी चुलीत ओतायची. राखेचा लोट उसळून तिच्या तोंडावर यायचा. वावधन आलं नाही, नुसतंच हूल देऊन गेलं, तर सासरे भाकरीवरून बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या वेळी पुन्हा पाणी ओतायची.

गुरांच्या कोठ्याच्या दाराशी, बाहेरच्या अंगाला, एक विळा खुंटीला टांगलेला असे. तो गवत कापायचा नव्हे. गवताचे विळे आत, कोनाड्यात. हा बाहेरचा विळा कुणी कामाला घेतलेला आबाजींना खपत नसे. इज कडाडायला लागली, कोठ्याचं छप्पर हलायला लागलं की बैल दाव्याला हिसके देतात. हिसक्याने गाठ आवळत जाते. त्यात दावं अंबाडीचं, भिजलं की फुगतं. अंधारात भेदरलेल्या बैलाच्या पायाशी बसून ती गाठ बोटांनी सोडवणं कुणाच्या बापाच्याने होत नाही. म्हणून दावं कापायचं. दावं आठ आण्याचं, बैल जोडीचा. आबाजी हे बोलून दाखवत नसत. दर अमावास्येला विळ्याची धार अंगठ्याने पाहायचे आणि पुन्हा टांगायचे. आम्ही मुलांनी तो विळा प्रत्यक्ष चालवलेला एकदाच पाहिला. चार वार, चार बैल मोकळे. ते अंधारात पळाले आणि सकाळी आपल्या पायांनी परत आले. कोठा रात्रीच बसला होता.

म्हाताऱ्यांचं सगळंच बरोबर होतं असं कुणी समजू नये. गार पडायला लागली की आजी उलथणं आणि मुसळ अंगणात फेकायची. लोखंडाला गार भिते, म्हणे. वावरात असताना आभाळ गडगडलं तर माणसं आंब्याखाली, निंबाखाली जाऊन उभी राहायची, वर घोंगडी. इज पडून गेलेली आमच्या पंचक्रोशीतली बरीच माणसं झाडाखालीच गेली आहेत. हे पाहूनही झाडाखाली जाणं सुटलं नाही, अजून सुटलेलं नाही. डोक्यावर काहीतरी असावं, ही माणसाची जुनी खोड आहे.

भेंडवळची घटमांडणी हा आणखी एक भाग. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदकडे, अक्षय्य तृतीयेला धान्यांची मांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले लोक भाकीत सांगतात. आबाजी ते कानोकानी मिळवायचे, आता पाच मिनिटांत मोबाइलवर येतं. पण एक गोष्ट मला लहानपणापासून गमतीची वाटत आली. मांडणीत पाऊस साधारण निघो, जोरदार निघो, धाब्यावरची माती तेवढीच पडायची. भाकिताप्रमाणे एक टोपलीही कमीजास्त झाली नाही.

आता गारपगाऱ्याबद्दल. तो आबाजींनी पाहिला नव्हता, त्यांच्या वडलांनी पाहिला होता, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं आबाजी असं सांगायचे की स्वतः पाहिल्यासारखं वाटावं. वऱ्हाडातल्या, वर्धा-नागपूरकडच्या गावांतून गारपगारी असत. नाथपंथाशी नातं सांगणारी ही जमात. गावाचं पीक गारेपासून राखायचं हे त्यांचं काम, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावरून त्याबद्दल धान्य न्यायचं हा त्यांचा हक्क. ज्वारी निसवून हुरड्याला आली, गहू ओंबीवर आला की याचा मुक्काम मारुतीच्या पाराजवळ. रात्री आभाळात तांबडं-काळं दिसलं, धूर आणि जाळ मिसळावा तसं, की तो तलवार घेऊन मारुतीसमोर उभा राही. आधी विनवणी. ढग हटले नाहीत तर धमकी: मी इथं जीव देतो. मग अंगावरचे कपडे काढून फेकायचा. बायकापोरांनाही आणून उभं करायचा. अंगावर वार करून घ्यायचा, रक्त सांडायचं.

हे नुसतं घरगुती पुराण नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला, १९१६ साली छापला, त्यात गारपगाऱ्याची नोंद आहे आणि ती आबाजींच्या गोष्टीशी बरीचशी जुळते. या ग्रंथाच्या काळापर्यंत अंगावरचे वार जाऊन बोटातून थेंबभर रक्त काढण्यावर गोष्ट आली होती. सरकारने त्याला गावकामगार म्हणून मान्यता द्यायला नकार दिला होता, शेतकरीही धान्य द्यायला कुरकुरत होते आणि बरेच गारपगारी मोलमजुरीला लागले होते. आबाजींच्या गोष्टीत यापुढचा एक तुकडा होता, जो छापलेला मला कुठे दिसला नाही. चांगला गारपगारी गार थांबवत नसे, वळवत असे. ती तळ्यात पाडायची, नाहीतर माळावर. शेजारच्या गावावर वळवली अशी शंका आली की दोन गावांत हाणामारी.

शहरातल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. त्याच सुमाराला युरोपात काय चाललं होतं, तेही ऐकावं. १८९६ साली ऑस्ट्रियातल्या स्टीरिया प्रांतात अल्बर्ट स्टिगर नावाच्या द्राक्षबागाईतदार नगराध्यक्षाने गारेच्या ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली. उभ्या नरसाळ्याच्या तोफा, त्यात गोळा नाही, नुसती दारू आणि आवाज. त्याच्या गावाला दोन वर्षं गार लागली नाही म्हणून हे वेड इटलीभर पसरलं, हजारो तोफा उभ्या राहिल्या, परिषदा भरल्या. मग तोफांसकट बागा झोडपून निघाल्या, सरकारी चाचण्यांत काही निष्पन्न झालं नाही आणि दहाएक वर्षांत प्रकरण गुंडाळलं. त्या तोफांची नवी पिढी हिमाचलातल्या सफरचंदांच्या बागांत अजून आवाज काढते, आणि त्यांनी गार थांबते याला शास्त्राचा आधार आजही मिळालेला नाही. मारुतीला धमकी देणं स्वस्त तरी होतं.

पण गारपगाऱ्याकडे मी वेगळ्या बाजूने पाहतो. गार त्याच्याने थांबत नव्हती, हे मान्य. तरी पीक हाताशी आलेल्या दोन महिन्यांत गावातला एक माणूस रात्री जागून आभाळाकडे बघत होता. ते त्याचं काम होतं आणि त्या कामाचे दाणे गाव मोजत होतं. तो तलवार घेऊन ओरडायला लागला की सगळं गाव उठत असणार. कुणी ढोरं आत घेत असेल, कुणी खळ्यावरची रास झाकत असेल. मारुतीने ऐकलं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी गावाने तर ऐकलं. आबाजींना मी हे एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, “तो वरडे तवा लोकं पांघरून वढून घेत असतीन.” त्यांना माणसांची माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, त्यामुळे माझा हा सिद्धांत मी जपूनच मांडतो.

गार नेमकी पीक हाताशी आल्यावरच का पडते, याचं उत्तर आभाळात आहे. माघ-फाल्गुनात उंचावरून पश्चिमेकडची थंड, कोरडी हवा येते आणि खालून बंगालच्या उपसागरावरची दमट हवा. जमीन तापायला लागलेली असते. दमट हवा झपाट्याने वर चढते आणि थेंब गोठतात. वर उसळणारा वारा त्यांना तोलून धरतो, त्यावर पाण्याचे थर चढतात, आणि वजन पेलवेनासं झालं की गार खाली येते. मे महिन्यातही असे ढग होतात, पण तेव्हा गोठणरेषा खूप वर गेलेली असते, गार वाटेतच वितळते आणि आपल्या वाट्याला नुसतं वावधन येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती वितळायला तेवढी उंची मिळत नाही. गार मधोमध फोडली तर पांढरा आणि पारदर्शक असे थर एकाआड एक दिसतात. लहानपणी आम्ही ते बघायच्या आधीच तोंडात टाकायचो.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला गारपिटीने झोडपलं. तेव्हाच ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मदतीच्या घोषणा त्यात अडकल्या. ११ फेब्रुवारी २०१८ ची गार आमच्या जास्त जवळची. महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, रविवारी, जालना, बुलढाणा, वाशीम जिल्ह्यांत लिंबाएवढ्या गारा पडल्या. हरभरा घाट्यात होता, गहू ओंबीत. गार थांबल्यावर पुतण्या हरभऱ्याच्या वावरात गेला, तर जमीन पांढरी आणि घाटे गारांच्या खाली मातीत दाबलेले. त्याच्या वावराच्या एका बाजूला नाला आहे. नाल्यापलीकडच्या वावरात एक गार नाही. तिथला गहू वाऱ्यावर डुलत होता. पलीकडच्या शेतकऱ्याला त्या दिवशी फार अवघडल्यासारखं झालं, असं पुतण्या अजून सांगतो. आपलं पीक वाचल्याची लाज वाटावी, हा गारेचाच एक प्रकार. आबाजी असते तर म्हणाले असते, कोण्या गारपगाऱ्यानं वळवली?

मग पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक असे तिघे यायचे, बांधावर उभं राहून टक्का ठरवायचे. २०१५ पर्यंत निम्मं पीक गेल्याशिवाय मदतीत नाव बसत नसे. त्या साली ती अट ३३ टक्क्यांवर आली. पीकविम्यात गारेचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचा नियम होता. ७२ तास ऐकायला पुष्कळ वाटतात. वावधनाने खांब पडलेले असतात, वीज नाही, मोबाइल बंद पडलेला, टॉवर गेलेला. कुणाचा तरी फोन चालू होतो, तर त्याच्याकडे सातबाराचा गट नंबर मागतात आणि सातबारा भिजलेल्या पेटीत. २०१८ नंतर मोठीआईने आमच्या घरात एक नवी पद्धत घातली. सातबारा, पासबुक, आधार, विम्याची पावती, सगळं एका रिकाम्या तेलाच्या डब्यात, वर प्लास्टिक, आणि डबा धान्याच्या कोठीवर. शाळा न पाहिलेल्या बाईने काढलेली ही युक्ती. चुलीवर पाणी ओतणाऱ्या आजीची ती सून, हे सांगायला नको.

टिनांचं मात्र अजून कुणाला उमगलेलं नाही. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यात पारस इथे बाबूजी महाराज संस्थानात आरतीला माणसं जमली होती. वावधन आलं, पाऊस आला, माणसं टिनाच्या सभामंडपात थांबली. शेजारचा जुना निंब उन्मळून त्या मंडपावर पडला. सात जण गेले, कित्येक जखमी. डोक्यावर काहीतरी असावं म्हणून उभी राहिलेली माणसं. २०२४ च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात याहून वाईट झालं. टिनाच्या घरात लोखंडी अँगलला झोका बांधलेला, झोक्यात सहा महिन्यांची मुलगी. वाऱ्याने अँगलसकट टिना उचलल्या आणि झोका त्यांच्याबरोबर गेला. ही बातमी वाचल्यावर मी आमच्या जुन्या घरातल्या मयालीकडे पुन्हा पाहिलं. तिच्यात झोक्याच्या दोरीने पडलेली खाच आहे. त्या खाचेत माझ्या वडलांच्या पिढीपासून सगळी पोरं झोपली. मयाल उचलायची तर वाऱ्याला हातभर मातीही उचलावी लागली असती.

वारा टिना कशा उचलतो, हे मला एका वेल्डिंगवाल्याने नीट सांगितलं. वारा वरून दाबत नाही, म्हणाला. छपरावरून जोरात जाताना तो टिन वर ओढतो आणि उघड्या दारा-पडवीतून आत शिरलेला वारा खालून रेटतो. त्यामुळे वळचणीचा पहिला पत्रा सुटला की बाकीचे पाठोपाठ. वळचण आणि कोपरे इथले हूक दाट हवेत, मधले विरळ असले तरी चालेल. आमच्याकडे नेमकं उलटं. हूक चार आणि वर दगड पंधरा. वाऱ्याने टिन थोडं जरी उचललं तरी दगड घरंगळतात, आणि वारा थांबल्यावर जखमी झालेली माणसं पाहिली तर त्यांना वारा लागलेला नसतो, दगड लागलेला असतो. पुतण्याला मी हे सांगितलं. त्याने हूक वाढवले, खाली रबरी वायसरसुद्धा घातलं. दगड तसेच आहेत. का, विचारलं तर म्हणाला, “राहू द्या काका, वजन आहे.”

गुलाबनंतर त्याची शेती मात्र बदलली. सोयाबीनची सोंगणी झाली की सुडी आता नाल्याकडच्या खोलगटात घालत नाही, बांधाच्या चढाला घालतो. खाली तुराट्यांचा थर, त्यावर सुडी, तोंडं आत आणि बुडखे बाहेर, वर ताडपत्री, तिच्या कडांना मातीने भरलेली पोती बांधून लोंबकळत ठेवलेली. ताडपत्री जमिनीपर्यंत टेकवायची नाही, हे तो एका ओल्या हंगामात सुडी तापून काळी पडल्यावर शिकला. एवढं करून तीनेक दिवसांचा पाऊस निभतो. उभ्या पिकावर आला तर काही उपाय नाही. सगळं रान एकाच वाणाचं न पेरता थोडं लवकर येणारं, थोडं उशिरा येणारं पेरायचं, म्हणजे पाऊस जेव्हा येईल तेव्हा काहीतरी वाचलेलं असेल. आबाजींच्या काळात ज्वारी, तूर, मूग, पऱ्हाटी असं वावरात मिसळून असायचं. सोयाबीनने सगळं एका रंगाचं केलं आणि सगळा जिल्हा एकाच आठवड्यात सोंगणीला यायला लागला. गुलाबने गाठलं ते त्याच आठवड्यात.

आता आभाळाकडे पाहणारी यंत्रं पुष्कळ झाली आहेत. महावेधची हवामान केंद्रं राज्यातल्या दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत उभी आहेत. पुण्याच्या आयआयटीएमने काढलेलं दामिनी ॲप आसपासच्या वीस-चाळीस किलोमीटरमधली इज मोबाइलवर दाखवतं. पुतण्याच्या मोबाइलवर ते आहे. पण तो वावरात असतो तेव्हा मोबाइल बांधावरच्या पिशवीत असतो, निंबाखाली. घरच्या बायकांच्या मोबाइलमध्ये ते नाही. सगळ्यांना एकाच वेळी कळवणारी सोय झाली आणि इतरांना सांगणं हे कुणाचंच काम उरलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पारावर हाच विषय निघाला होता. कुणीतरी म्हणालं, चैत्र ते मृग एक पोरगं नेमा, त्याला महिन्याचे काही पैसे द्या, ॲपवर काही आलं की त्याने घरोघर फोन करायचे, फोन लागला नाही तर गल्लीत हलगी वाजवत फिरायचं. देवळाचा भोंगा नको, वावधनात लाइट पहिली जाते. सगळ्यांना पटलं. दर घरी पन्नास रुपये, असं ठरतही आलं. तेवढ्यात टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “अन् हलगी वाजली, पन वावधन नाई आलं, तं पैसे वापस का?”

“गारपगाऱ्याले कोनं वापस मांगले होते का कधी?” दुसरा म्हणाला.

“मांगले नाई,” पहिला म्हणाला, “देनंच बंद केलं.”